तालमीचा खुराक आणि केळव्याचं ताट

बारावीतला मुलगा वजनं उचलू लागला, की घरात पहिला प्रश्न निघतो: आता याला दुप्पट खायला घालायचं का? दूध, तूप, बदामाची थंडाई हा तालमीचा खुराक सगळ्यांना ठाऊक असतो. पण तो रोज कित्येक तास मेहनत करणाऱ्या पैलवानाचा. शिवाय ताकद म्हणजे आडदांड शरीर असंही नाही. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव 57 किलो वजनगटात लढले होते.

थोडा हिशेब करू. स्नायूत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी आणि पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. महिन्याला एक किलो स्नायू वाढला (नवशिक्याला ही वाढ भरपूरच म्हणायची), तर त्यात प्रथिनं 200 ग्रॅम, म्हणजे रोजची जेमतेम सात. एका अंड्याइतकी! मग जास्त प्रथिनं खा असं का सांगतात? कारण शरीर रोज अडीचशे-तीनशे ग्रॅम प्रथिनं मोडतं आणि पुन्हा बांधतं. बराचसा जुना माल परत वापरला जातो, पण सगळा नाही. आणि व्यायामानं ही उलाढाल वाढते. एरवी दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम पुरतात. व्यायाम करणाऱ्याला 1.6 पर्यंत उपयोग होतो, त्यापुढे फारसा नाही. 55 किलोच्या मुलाला किंवा मुलीला हे झाले 46 ऐवजी 88 ग्रॅम.

केळव्याच्या घरात हे जमतं का? ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. तोच सुकला की वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनं. दिवसभरात भात-भाकरीचे मिळून 300 ग्रॅम तांदूळ, 75 ग्रॅम वाल, 30 ग्रॅम सुका बोंबील, दोन अंडी, दोन कप दूध आणि मूठभर शेंगदाणे: बेरीज 85 ते 90 ग्रॅम. शाकाहारी घरात वाल, डाळ, दही वाढवावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

राहिली ऊर्जा. अर्धा तास वजनं उचलायला 100 ते 150 किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण एका भाकरीच्या. स्नायूंच्या वाढीसाठी वर वाटीभर आमटी धरा. बस्स, दुप्पट नाही! पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावाची असते, स्नायू मागाहून भरतात. तेव्हा सुरुवातीलाच ताट दुप्पट केलं, तर जादा अन्नाची चरबीच होणार.

महिनाअखेर वजन, दंडाचा आणि कमरेचा घेर मोजून वहीत लिहावा. कमरच वाढत असेल तर भाकरी कमी करावी. वजन घटत असेल तर प्रथिनांचा महागडा डबा आणण्याआधी भात वाढवावा. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनंच जाळू लागतं.