मुलाची डर्ट बाइक : फिल्टर कोरडा तर नाही ना?

लहान मुलांची डर्ट बाइक ही काही वर्षांपूर्वीपर्यंत परदेशी मासिकांतल्या रंगीत चित्रांत दिसणारी वस्तू होती. आता आपल्याकडेही हौशी घरांच्या अंगणात ती उभी दिसते. जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीच्या उंचवट्यांवरून उडणाऱ्या मोटारसायकली पाहून किती मुलांनी घरी हट्ट धरला असेल, हे त्यांच्या आईवडिलांनाच ठाऊक! मग बाइक येते, हेल्मेट येते, गुडघ्यांची कवचे येतात. सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड दडलेल्या तळहाताएवढ्या स्पंजकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. हा स्पंज म्हणजेच एअर फिल्टर.

धूळ इंजिनाचे काय करते, हे जयपूरच्या झालाना भागाकडे पाहिले की समजते. बिबट्यांच्या सफारीसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. शहराला लागून असलेले हे डोंगर अरवलीचे. त्यांचा दगड क्वार्ट्झाइट, म्हणजे मुख्यत: गारगोटीच्या कणांचा बनलेला. पूर्वी येथे दगडाच्या खाणीही होत्या. मे-जूनमध्ये राजस्थानात ‘आंधी’ सुटते, तेव्हा दारे-खिडक्या लावूनही घरात धुळीचा थर बसतो. काठिण्यश्रेणीत गारगोटीचा क्रमांक 7 आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीच्या पोलादापेक्षाही ती कठीण असते. असे कण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये शिरले, तर ते पॉलिश पेपरसारखे काम करतात.

आणि इंजिन हवा थोडीथोडकी घेत नाही. 50 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल, तर हिशेबाने ते मिनिटाला सुमारे 300 लिटरपर्यंत हवा ओढू शकते. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा पुरते. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये ही हवा आधी क्रँककेसमधून जाते, म्हणून बेअरिंगेही धुळीच्या तावडीत सापडतात. परिणामी पिस्टन-रिंगा बदला, सिलिंडर रिबोअर करा किंवा नवा घाला, असा खर्च उभा राहतो.

खर्चापेक्षाही गंभीर गोष्ट दुसरीच आहे. फिल्टरला चुकवून आलेली वाळू कार्ब्युरेटरच्या सरकत्या भागात अडकली, तर मूठ सोडली तरी वेग कमी होत नाही. मोठा माणूस अशा वेळी इंजिन बंद करील. सात वर्षांचे मूल घाबरून मूठ अधिकच आवळते. म्हणून बाइकला मनगटाशी बांधायच्या दोरीचा स्विच असेल, तर तो रोज वापरायलाच हवा. इंजिन बंद असताना मूठ पिळून सोडावी. ती खटकन जागेवर आली पाहिजे.

बहुतेक जण फिल्टर ‘स्वच्छ दिसतो’ एवढ्यावर समाधान मानतात. फसगत होते ती इथेच. स्पंजची छिद्रे बारीक धुळीच्या कणांपेक्षा बरीच मोठी असतात. धूळ अडते ती स्पंजला लावलेल्या चिकट तेलामुळे. धुऊन, वाळवून, तेल न लावता बसवलेला फिल्टर दिसायला नव्यासारखा असतो आणि धूळ सरळ आत सोडतो. घाणीने तुंबलेला फिल्टर निदान तक्रार तरी करतो : बाइक लवकर सुरू होत नाही, दम खाते, काळा धूर सोडते, प्लग काळा पडतो. कोरडा फिल्टर काहीच बोलत नाही.

धुळीत बाइक फिरली की दर वेळी फिल्टर काढून पाहावा. इंजिन गार होऊ द्यावे, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि झाकण उघडण्याआधी बाहेरची धूळ पुसावी; नाहीतर तीच आत पडते. फिल्टर काढताच इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्वच्छ फडके बसवावे. त्याआधी नळीत बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली, तर फिल्टर फाटला आहे किंवा नीट बसत नव्हता, असे समजावे.

अनेक गॅरेजमध्ये फिल्टर पेट्रोलने धुतात. घरी हे मुळीच करू नये. पेट्रोलची वाफ लांबच्या ठिणगीनेही पेटते, त्वचेला अपाय होतो आणि स्पंजचे चिकटवलेले सांधेही सुटतात. फिल्टरसाठी मिळणारे धुण्याचे द्रव वापरावे. ते नसेल तर मोकळ्या हवेत, रबरी हातमोजे घालून, थोड्या रॉकेलमध्ये जुने तेल सोडवावे आणि मग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवावे. रॉकेलही पेटते, तेव्हा विस्तव आणि मुले दोन्ही दूर! स्पंज दाबून पाणी काढावे, ओल्या कपड्यासारखा पिळू नये. पिळला की तो फाटतो. सावलीत पूर्ण वाळू द्यावा. ओल्या स्पंजला तेल नीट धरत नाही.

आता तेल. गाडीचे साधे इंजिन ऑइल खाली ओघळते आणि वरचा भाग कोरडा पडतो, म्हणून स्पंज फिल्टरचे खास तेलच घ्यावे. स्पंज प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर तेल ओतावे आणि कणीक मळावी तसा हलक्या हाताने मळावा. (हे काम मुले आनंदाने करतात, त्यांना करू द्यावे.) रंग सगळीकडे सारखा दिसला की जास्तीचे तेल दाबून काढावे. तेल ठिबकत राहिले तर बाइक सुरू होताना कुरकुर करते. कडेला ग्रीसचा पातळ हात द्यावा, फिल्टर बसवावा आणि फट राहिली नाही ना, हे बोटाने चाचपावे. काही बाइकना कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

स्पंज चिमटीत दाबल्यावर भुगा सुटला, सांधा उकलला, भोक पडले किंवा तो कडक झाला, तर धुण्याच्या फंदात पडू नये, नवा घालावा.

झालानाच्या राखीव जंगलात अशी बाइक न्यायची नाही, हे वेगळे सांगायला नको. ती रस्त्यावरही नेता येत नाही. तिला नंबर नसतो. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. बाइक चालवायची ती खासगी मैदानात किंवा प्रशिक्षणाच्या ट्रॅकवर.

अशा मैदानावर जाताना तेल लावलेला दुसरा फिल्टर बंद पिशवीत घालून बरोबर ठेवावा. दुपारी वारा सुटला आणि मैदानावर धूळ उडू लागली, तर झाडाखाली पाच मिनिटांत तो बदलता येतो. मळलेला फिल्टर त्याच पिशवीत घालून घरी आणावा आणि त्याच संध्याकाळी धुवावा.