न झालेलं भाषण

परवा दारव्ह्याच्या बसस्टँडवर शेजारी बसलेला एक कॉलेजचा मुलगा बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चा मराठी अनुवाद वाचत होता. त्यानं विचारलं, “काका, बाबासाहेबांनी हे भाषण कुठं दिलं होतं?”

दिलंच नव्हतं, बाळा.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं १९३६ च्या परिषदेसाठी त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. लेखी भाषण वाचून मंडळ बिचकलं. काही मजकूर गाळा म्हणालं. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली.

मग त्यांनी स्वखर्चानं १५०० प्रती छापल्या. दोन महिन्यांत संपल्या! गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात टीका केली, तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आणि आपलं उत्तर दोन्ही छापलं. विरोधकाचं म्हणणं स्वतःच्याच पुस्तकात! मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

जातिअंताच्या या विचाराचं अमेरिकेशी जुनं नातं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. आणि १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण लेखकांनी अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून आपल्या संघटनेला नाव दिलं, दलित पँथर.

गाडी आली, बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून इथं लिहिलं.

तुम्ही हे पुस्तक पहिल्यांदा कधी वाचलंत? काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.