बेकनवाचून काय अडलं?

सकाळी सातची पाळी असली की सोलापूर शहरात राहणाऱ्याला चिंचोळी एमआयडीसीसाठी सहालाच घर सोडावं लागतं. पुण्याच्या रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर जायचं, गेटवर हजेरी लावायची, कपडे बदलायचे, रातपाळीवाल्याकडून काम ताब्यात घ्यायचं. एवढ्या पहाटे घरात भाकरी थापून झाली असलीच, तरी ती दुपारच्या डब्यात जाते. पोट रिकामंच असतं. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायला मनाई केली आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी बंधनकारक केली. म्हणजे कायदा अक्षरशः पाळला, तरी सातला उभा राहिलेला माणूस बारा वाजेपर्यंत उपाशी राहू शकतो. कँटीनची सक्तीही त्याच कायद्यात होती, पण २५० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना. चिंचोळीत बालाजी अमाइन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखी बडी नावं आहेत, तशीच पत्र्याच्या शेडमधली बारकी युनिटंही आहेत. तिथले कामगार, कंत्राटदाराची माणसं, माल उतरवायला आलेले ड्रायव्हर-क्लीनर यांचं कँटीन म्हणजे रस्त्याकडेची गाडी.

पावणेसातच्या सुमाराला अशा गाडीवर दोन पाळ्या एकमेकींना भेटतात. आत जाणाऱ्यांचा नाश्ता आणि बाहेर पडलेल्यांचं रात्रीचं जेवण एकाच तव्यावर होतं. "अण्णा, दोन डबल, कडक. एकात मिरची जास्त." एवढं पुरतं. अण्णा तेलुगू असो, कानडी असो की मोहोळकडचा मराठी, सोलापुरात हाक तीच.

पोहे, उप्पीट, वडापाव, भजीपाव हे सगळं आसपास असतंच. पण आठ तास उभं राहायचं असलेला माणूस अंड्याकडे वळतो, याला हिशेब आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं. डबल आम्लेटची बारा, दोन स्लाइसची चार-पाच, म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतात. जवळजवळ तिसरा हिस्सा गेटबाहेर, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत भरून निघतो. पोह्याच्या बशीला हे जमत नाही. तिची चव कितीही चांगली असो, अकरा वाजता पोट पुन्हा ओरडायला लागतं.

जगात जिथे पाळ्या आल्या, तिथे अंडं, पाव आणि काहीतरी खारट-तेलकट अशी जोडी जमलेली दिसते. इंग्लंडमध्ये पावात घातलेलं बेकन हा कामगाराचा नाश्ता. न्यूयॉर्कमध्ये कोपऱ्यावरच्या लहान दुकानांतून मिळणारं बेकन, अंडं आणि चीजचं सँडविच हे त्या शहराचं सकाळचं खाणं. गोल, कडक सालीचा पाव, तव्यावर फोडलेली अंडी, वर चीजची चकती आणि बेकनच्या दोन-तीन पट्ट्या. कागदात गुंडाळून हातात देतात आणि माणूस रस्त्याने चालत किंवा भुयारी रेल्वेत उभा राहून ते संपवतो. मॅकडोनाल्ड्सने हेच हेरलं. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या त्यांच्या शाखेचे चालक हर्ब पीटरसन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंडं पावाच्या मापात बसावं म्हणून तव्यावर गोल कडं ठेवून त्यात ते शिजवलं. त्यातून निघालेलं 'एग मॅकमफिन' पुढे अमेरिकाभर गेलं. कडं ठेवण्याची युक्ती फार मोठी नाही. पण तिच्यामुळे अंडं पावाबाहेर लोंबत नाही, आणि एका हाताने खाताना तेच महत्त्वाचं.

आता बेकन म्हणजे काय, हे नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते बहुतेकांनी सिनेमातच पाहिलेलं असतं. डुकराच्या पोटाकडचं, चरबी आणि मांस यांचे पट्टे एकाआड एक असलेलं मांस मिठात आणि नायट्राइटमध्ये मुरवतात, बहुधा धुरीही देतात, मग पातळ काप काढतात. नायट्राइटमुळे मांस शिजल्यावरही गुलाबी राहतं आणि घातक जंतूंची वाढ रोखली जाते. काप थंड तव्यावर ठेवून हळूहळू तापवले की चरबी वितळून बाहेर येते, पट्टी कुरकुरीत होते आणि सुटलेल्या त्याच चरबीत अंडं तळलं जातं. तेलाची वेगळी बाटली लागत नाही. म्हणजे बेकन या सँडविचमध्ये चार कामं एकदम करतं: मीठ, चरबी, धुराचा वास आणि दाताखाली कुरकुर.

तोटाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये बेकन, हॅम, सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज तिने दिला. अमेरिकेत ते नाश्त्याला एवढं चिकटलं त्यात जाहिरातीचा हात आहे. १९२०च्या दशकात बीच-नट कंपनीचं बेकन खपवण्यासाठी एडवर्ड बर्नेज या जनसंपर्काच्या गुरूने डॉक्टरांकडून 'सकाळी भरपेट खावं' असं मत गोळा केलं आणि ते वर्तमानपत्रांतून बेकन-अंड्याच्या शिफारशीसह पसरवलं. आपण हसायचं कारण नाही. पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि 'संडे हो या मंडे' ही तिची घोषणा दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचली. आपलं अंडंही जाहिरातीच्या खांद्यावर बसूनच न्याहारीत आलं. फरक एवढाच की या समितीमागे कोंबड्या पाळणारे शेतकरी होते, आणि अंड्याचा भाव व्यापाऱ्याने पाडायचा की उत्पादकाने ठरवायचा हा खरा झगडा होता.

बेकन महाराष्ट्रात आणायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. पंचवार्षिक योजनांच्या सुरुवातीच्या काळात देशात ज्या मोजक्या सरकारी बेकन फॅक्टऱ्या निघाल्या, त्यांतली एक मुंबईत बोरिवलीला होती. पुढे ती माफको या राज्य सरकारच्या उपक्रमाकडे गेली. माफकोचे गोठवलेले मटार आठवणारे वाचक अजून असतील. त्याच माफकोचं हॅम आणि बेकनही मिळायचं. पण ते मुंबईतल्या ठरावीक वस्त्यांपलीकडे, हॉटेलांपलीकडे फारसं गेलं नाही. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे मीठ, व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवून वाळवलेलं डुकराचं मांस, म्हणजे चोरीस, पावात घालून खातात, आणि बेकनची चारही कामं ते बेकनपेक्षा झणझणीत करतं. रात्री गाड्यावर मिळणारं रोस आम्लेट, म्हणजे आम्लेटवर शाकुतीचा रस्सा आणि सोबत पाव, हेही त्याच घरातलं. नाश्त्याच्या सँडविचचा भारतीय भाऊ शोधायचा तर माझ्या मते तो पणजीत सापडेल.

सोलापुरात बेकन न येण्याची कारणं सांगताना लोक पटकन धर्मावर येतात. ते खरं आहे, पण अर्धं. डुकराचं मांस इकडे काही घरांत खाल्लं जातं, मात्र ताजं शिजवून. ते मुरवून महिनोन्महिने टिकवायची रीत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणाऱ्या मुलखात बेकनला सलग शीतसाखळी लागते, आणि गाडीवाल्याकडे असतो तो बर्फाचा डबा, तोही सोड्याच्या बाटल्यांसाठी. याहून मोठं कारण तव्याचं आहे. गाडीवर तवा एकच. त्यावर जे पडेल ते रांगेतल्या सगळ्यांना चालायला हवं. रांगेत मोहोळचा, मुस्लिम मोहल्ल्यातला, बिहारहून आलेला, पद्मशाली विणकरांच्या घरातला असे सगळे असतात. या सगळ्यांचं मांसाहारावर एकमत होणं कठीण, अंड्यावर होतं. काहींचं तेवढंही होत नाही, ते पलीकडच्या पोह्याच्या गाडीवर उभे असतात. मॅकडोनाल्ड्सलाही १९९६ मध्ये भारतात येताना हाच हिशेब करावा लागला आणि त्यांनी इथे गाय आणि डुक्कर दोन्ही टाळलं.

मग अंड्याने एकट्याने काम कसं निभावलं, ते तव्याजवळ उभं राहून पाहण्यासारखं आहे. स्टीलच्या पेल्यात दोन अंडी फोडतात. त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूट हळद. कांदा डाळीएवढा बारीक हवा. जाड कापला तर तो पाणी सोडतो आणि उलटताना आम्लेट फाटतं. चमचा पेल्यात उभा धरून खडखड फेटतात, ते फेस येईपर्यंत. तव्यावर तेल, त्यावर मिश्रण, आणि वरची बाजू ओली असतानाच ब्रेडच्या दोन स्लाइस तिच्यावर ठेवून लगेच पलटायच्या, म्हणजे दोन्ही अंगांना अंडं लागतं. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतो, पिवळा त्यानंतर. त्या दोन-चार सेकंदांत अंडं ब्रेडमध्ये शिरून तिथेच धरतं. मग सगळं उलथायचं, बाहेर राहिलेल्या कडा आत दुमडायच्या, स्लाइसवर स्लाइस मिटायची, उलथन्याने दाबायचं. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलं की झालं. (अन्न सुरक्षेच्या नियमांत छापील कागद बसत नाही, शाईमुळे. साधा कागद वापरणारी गाडी दिसली तर तिथे जावं.)

न्यूयॉर्कच्या सँडविचमध्ये अंडं, बेकन आणि पाव हे तीन सुटे नग असतात. त्यांना धरून ठेवायचं काम वितळलेलं चीज करतं. म्हणून तिथे चीज हवंच. ते नैसर्गिक चीज नसतं, प्रक्रिया केलेलं असतं. नुसतं जुनं चीज तापवलं तर तूप वेगळं आणि चोथा वेगळा होतो. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सायट्रेट क्षार घालून हे टाळता येतं असं दिसलं. दुधातल्या केसीन या प्रथिनाला घट्ट बांधणारं कॅल्शियम तो क्षार ओढून घेतो, केसीन सैल होतं, आणि पाणी-स्निग्धांश एकत्र राहून सगळं गुळगुळीत वितळतं. अमुलचं आपल्याकडचं चीज याच जातीचं.

बुर्जीच्या गाड्यांवर हल्ली 'चीज आम्लेट' अशी पाटी हमखास दिसते. वर किसलेल्या चीजचा डोंगर, पोरांची गर्दी. माझं मत विचाराल तर ब्रेड-आम्लेटमध्ये त्याची गरज नाही. आपल्या प्रकारात पावाला धरून ठेवायचं काम अंडंच करतं. चीजला कामच उरत नाही, ते फक्त किंमत वाढवतं. पुण्यात जहांगीर हॉस्पिटलजवळच्या वोहुमन कॅफेतलं चीज आम्लेट प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. कारण तिथे ते बशीत येतं, पाव बाजूला असतो आणि खाणाऱ्याकडे वेळ असतो. पाळीवर निघालेल्याने वितळत्या चीजचे धागे ओढत बसायचं म्हणजे हजेरीचं पंचिंग चुकवायचं.

उरतं बेकनचं काम: खारट, तेलकट, कुरकुरीत असं काहीतरी दाताखाली येणं. मिरची-कांदा ते पुरतं भरून काढत नाहीत. इथे मला सोलापूरकरांबद्दल तक्रार आहे. ज्या गावाची शेंगाचटणी पुण्या-मुंबईच्या दुकानांत पुड्यांतून विकली जाते, त्या गावाच्या आम्लेटच्या गाडीवर ती ठेवायची पद्धत नाही. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट आणि मीठ उखळात इतकं कुटायचं की दाण्याचं तेल सुटून चटणी चकचकीत व्हावी. मीठ आहे, स्निग्धांश आहे, दाण्याला भाजल्याचा वास आहे, आणि कुटताना राहिलेली कणी दाताखाली येते. बेकनची चारही कामं, तीही फ्रीजशिवाय. मिलच्या भोंग्यावर चालणारं सोलापूर, १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढची शंभर वर्षं, कडक भाकरी आणि हीच चटणी फडक्यात बांधून पाळीवर गेलं. चटणी भाकरीसोबत जाते, अंड्यासोबत जात नाही, असा काही नियम नाही. दुमडण्याआधी आतल्या स्लाइसवर चमचाभर भुरभुरली की पुरे. मात्र मग अंड्यात मीठ निम्मं घालायला सांगावं लागतं.

धंदा तिथीवारावर चालतो. गुरुवारी, शनिवारी, एकादशीला ट्रे संपत नाही. श्रावणात तर काही जण पोह्यांकडेच वळतात. थंडीत अंड्याचा भाव चढतो आणि आम्लेटचा दर मागोमाग वाढतो, तो उन्हाळ्यात भाव उतरला तरी सहसा खाली येत नाही. उन्हाळ्यात अंड्यांचे ट्रे दिवसभर पत्र्याखाली तापतात, तेव्हा हाफ फ्रायचा हट्ट धरू नये. पिवळं वाहतं असेल तर साल्मोनेला मरेलच याची खात्री नसते. कडक भाजलेलंच मागा.

पुण्या-सोलापूरच्या रस्त्यावर चिंचोळीपाशी सकाळी साडेसहा-सातला पोहोचणार असाल, तर चहावर भागवू नका; पाळी बदलताना तवा सगळ्यात तापलेला असतो. रांगेत मात्र आधी पाळीवाल्यांना पुढे जाऊ द्या, त्यांना उशीर परवडत नाही. शेंगाचटणीची पुडी स्वतःची न्या, आणि अण्णांनाही थोडी देऊन पाहा.