भावाचे नाम आणि रुग्णपरीक्षण

सीताबर्डीतील आमच्या चिकित्सालयात पोटाची तक्रार घेऊन येणारे रुग्ण पुष्कळ. त्यांतील एक मध्यमवयीन व्यापारी. दुकान उघडण्याच्या वेळी रोज दोन-तीन वेळा द्रवमलप्रवृत्ती. रक्त नाही, ज्वर नाही, वजन स्थिर, तपासण्या निर्दोष. कुटजघन वटी दिली, पथ्य सांगितले; तीन आठवड्यांत उपशय नाही. तेव्हा उधारीची भीती असावी, असे मीच ठरवून टाकले व त्यांना धीर देत राहिलो. तेही व्यर्थ गेले. अखेर विचारले, "त्या वेळी मनात नेमके काय होते?"

"काही नाही डॉक्टरसाहेब, जीव कसातरी होते."

मग मी एकेक शब्द पुढे ठेवला. धास्ती? संताप? हुरहूर? रुखरुख? शेवटच्या शब्दावर ते थबकले. थोरल्या भावासोबत ते रोज दुकान उघडत. भावाच्या अखेरच्या आजारात दोघांत अबोला होता. भय नव्हतेच. शोक होता, आणि त्यात अपराधभाव मिसळलेला.

चरकाचार्यांनी भयज व शोकज अतिसार पृथक् गणले आहेत. वातहर क्रियेसह हर्षण व आश्वासन ही चिकित्सा दोहोंस समान असली तरी आश्वासन कशाबद्दल द्यावयाचे, हे भाव कळल्याविना कसे ठरणार? उन्मादचिकित्सेत काम, शोक, भय, क्रोधादींपासून झालेल्या विकारांचे शमन परस्परविरुद्ध भावांनी करण्यास सांगितले आहे. तेथे निदान चुकले की उपायही चुकला. विमानस्थानात हे भाव अनुमानाने जाणावेत असे म्हटले आहे खरे. परंतु माझे अनुमान कसे फसले ते वर आलेच आहे. म्हणून शब्द रुग्णाकडून यावा. मराठीत हळहळ, चुटपुट, घालमेल, उबग असे सूक्ष्म भेद दाखविणारे शब्द विपुल आहेत. आपण मात्र सर्वांची नोंद 'टेन्शन' अशी करून मोकळे होतो!

'न वेगान्धारणीय' अध्यायात शोक, भय, क्रोध यांचे वेग धारणीय म्हटले आहेत. त्याच अध्यायात बाष्प, म्हणजे अश्रू, अधारणीय वेगांत आहेत व त्यांच्या निग्रहाने प्रतिश्याय, हृद्रोग, अरुची, भ्रम संभवतात. शोकग्रस्तास "रडू नका" म्हणणारा वैद्य या अध्यायाचा अर्धाच भाग वाचतो. त्या व्यापाऱ्यांना मी रडू दिले. औषध चालूच ठेवले. दोन महिन्यांत त्रास आठवड्यातून एखाद्या दिवसावर आला. श्रेय कशाचे, हे एका रुग्णावरून सांगणे योग्य नव्हे. तथापि मॅथ्यू लिबरमन व सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात, चित्रातील चेहऱ्यावरील भावनेस शब्द देताना निरोगी व्यक्तींच्या मेंदूतील अमिग्डालाची प्रतिक्रिया मंदावल्याचे दिसले होते.

औषधी विक्रेत्यांना एक विनंती. "झोपेचे काही द्या" म्हणणाऱ्या ग्राहकास अश्वगंधा देण्यापूर्वी, अंथरुणावर पडल्यावर मनात काय येते, एवढे विचारावे. उत्तरात जगणे नकोसे झाल्याचा सूर असल्यास चूर्ण देऊन बोळवण करू नये. त्यास एकटे न सोडता नातेवाइकांना बोलवावे व त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. शासनाची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य आहे. हा क्रमांक गल्ल्याजवळ लिहून ठेवावा.