पल्स मोजायला वेगळा माणूस बसवा

रावेर-यावलच्या केळीत ठिबक आता नवे राहिलेले नाही. विद्राव्य खत पाण्यातूनच सोडायचे, म्हणजे लाइनीतून किती लिटर गेले ते कळायला हवे. तिकडे धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तिथे वाऱ्याचा वेग हवा. कामे वेगळी, पण तारेतून बहुतेक वेळा येते ती पल्सच. चक्री फिरली, तिच्यातला चुंबक सेन्सरसमोरून गेला, व्होल्टेज चढले आणि उतरले. पुढचे काम मोजणाऱ्याचे.

मुलांच्या प्रोजेक्टात हमखास दिसणारी जोडी म्हणजे आर्डुइनो उनो आणि वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर. लिटरला सुमारे ४५० पल्स, म्हणजे मिनिटाला ३० लिटर पाणी वाहिले तर सेकंदाला २२५. बहुतेक जण प्रत्येक पल्सला इंटरप्ट लावतात. एवढ्या वेगाला ते जड जात नाही. अडते ते दुसरीकडे: काही लायब्रऱ्या तापमानाचा सेन्सर वाचताना इंटरप्ट थोडा वेळ बंदच ठेवतात. त्या वेळात एक पल्स आली तर चिप तिची नोंद ठेवते. दोन आल्या तर दुसरी गेलीच. पवनचक्कीच्या जनरेटरवर फेऱ्याला १०२४ पल्स देणारा एन्कोडर असेल, तर मिनिटाला १५०० फेऱ्यांना सेकंदाच्या २५,६०० पल्स होतात. तिथे इंटरप्टच्या भरवशावर राहू नये.

लग्नघरी आहेर लिहायला एक माणूस वेगळा बसवतात, यजमान मांडवभर धावत असतो. हार्डवेअर टायमर हा तसा माणूस आहे. उनोवरच्या एटमेगा३२८पी चिपमध्ये टायमर १ ला एरवी आतले घड्याळ चालवते. त्याचे घड्याळ निवडणारे तीन बिट १११ केले, की ५ नंबरच्या पिनवर येणाऱ्या प्रत्येक चढत्या कडेला तो स्वतःच एकने पुढे सरकतो; प्रोग्राम तेव्हा कशातही गुंतलेला असो. त्याआधी टीसीसीआर१ए हे रजिस्टर शून्य करायचे, कारण आर्डुइनोने ते पीडब्ल्यूएमसाठी आधीच भरून ठेवलेले असते. डिप्लोमाला ८०५१ शिकलेल्यांना यात नवे काही नाही. इंटेलच्या १९८० सालच्या त्या चिपमध्येही पी३.४ आणि पी३.५ या पिना याच कामाला होत्या.

मात्र हा माणूस फार आज्ञाधारक आहे. पाण्याच्या मोठ्या मीटरमध्ये रीड स्विच असतो. त्याची पाती मिटताना एक-दोनदा थरथरतात आणि टायमर तेही मोजतो. प्रोग्राममधली ‘इतके मिलिसेकंद दुर्लक्ष कर’ ही युक्ती इथे चालत नाही; सिग्नल पिनेपर्यंत पोचण्याआधीच स्वच्छ करावा लागतो. १० किलोओहमचा रोध, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे ७४एचसी१४ एवढ्यावर भागते. हॉल सेन्सरला ही कटकट नाही.

वाऱ्याचे दुखणे उलटे. तिथे पल्स कमी पडतात. सेकंदाला एक पल्स म्हणजे ताशी २.४ किलोमीटर असे मानणारे साधे वारामापक एकच सेकंद मोजले, तर उत्तरही २.४ च्या पायऱ्यांनीच येणार. दहा सेकंद मोजावे.

टायमर १ सोळा बिटांचा. ६५,५३५ नंतर पुन्हा शून्य. २०० लिटरचा ड्रम भरा: ९०,००० पल्स येतात, टायमर मात्र २४,४६४ दाखवतो, म्हणजे जेमतेम ५४ लिटर. उपाय सोपा आहे. दर मिनिटाला आकडा वाचायचा आणि आधीचा आकडा सोळा बिटांच्या बिनचिन्ही वजाबाकीने वजा करायचा. आधी ६५,००० आणि आता ५०० असेल तर उत्तर आपोआप १,०३६ येते. त्याच ड्रमवर लिटरला नेमक्या किती पल्स येतात तेही तपासा. छापील ४५० वर खताचा हिशेब बांधू नये.

राहिली वीज. शेतात ती गेली की टायमरमधला आकडाही गेला, म्हणून बेरीज ईईप्रॉममध्ये लिहायची. पण तिथल्या एका जागेवर १ लाख वेळा लिहिण्याचीच हमी असते. दर मिनिटाला लिहिले तर ती सत्तर दिवसांत, खरिपाच्या मध्येच संपते. तासाला एकदा आणि वीज जाताना एकदा लिहा. दहा वर्षे बघावे लागणार नाही.