भरती सरल्यावरचं धावणं

नांदेड, हिंगोली आणि नागपूरकडचे रस्ते वारंगा फाट्यावर एकत्र येतात. मराठवाड्यातल्या अशा फाट्यांवर पहाटे धावणारी पोरं दिसतात, ती बहुतेक पोलीस भरतीची. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की २० पैकी २० गुण. सगळा जीव त्या घड्याळात. भरती झाली किंवा वयाची अट ओलांडली, खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३, की बूट कोपऱ्यात पडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना धावण्याची खरी गरज लागते ती त्यानंतर, आणि तीही एवढ्या वेगाची नव्हे.

एखाद्या पोराचा श्वास ऐकत राहा. सुरुवातीला तो लयीत असतो, मधे शब्दभर बोलताही येतं. मेंदूकडचं रक्त तेव्हा वाढतं. वाढलेल्या प्रवाहाचं घर्षण वाहिनीच्या अस्तराला जाणवतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैलावते. शेवटच्या दोनशे मीटरला तोंड उघडं पडतं, खांदे वर चढतात. धापेसरशी कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. तो घटला की मेंदूतल्या बारीक धमन्या आक्रसतात आणि चढलेला प्रवाह उतरू लागतो. जास्त धाप म्हणजे मेंदूला जास्त रक्त, हा हिशेब म्हणूनच चुकीचा.

शेतात राबणाऱ्याला हे कशाला सांगायचं, असं कुणी विचारेल. रास्त आहे. दिवसभर वाकून हळद काढणाऱ्या बाईला व्यायाम नव्हे, विश्रांती हवी. मी बोलतोय ते दुकानाच्या गल्ल्यावर किंवा जीपच्या स्टिअरिंगमागे बसून चाळिशी गाठलेल्या माणसाबद्दल. त्याने बोलता येईल इतक्याच वेगाने, पण सलग अर्धा तास झपझप चालावं.

पुरावा तोकडा आहे, हा आक्षेप अधिक वजनदार. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाने २०६ प्रौढ-वृद्धांना सहा महिने व्यायाम करायला लावला. मेंदूकडचा रक्तप्रवाह सरासरी २.८ टक्के वाढला. आकडा लहान, शिवाय तुलनेला व्यायाम न करणारा गट नव्हता. तरी माझा कल बदलत नाही, कारण उलट बाजूचाही एक पुरावा आहे. अमेरिकेत मेरीलँडच्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या मुरलेल्या धावपटूंना दहा दिवस धावणं थांबवायला सांगितलं. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमधला त्यांचा रक्तप्रवाह तेवढ्यात घटला. वर्षानुवर्षं धावलेल्यांची ही गत, तर विशीतली दोन वर्षांची तयारी चाळिशीला पुरेल कशी?