अन्नाची शुद्धता : शेतापासून पंगतीपर्यंत

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याच जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. वस्तुतः अन्नपाणी माणसाच्या स्पर्शाने बाटत नाही; ते जंतू, बुरशी व विषारी द्रव्ये यांनी दूषित होते. म्हणून शुद्धतेचा विचार आपण विज्ञानाच्या आधारेच केला पाहिजे.

कर्जत-खालापूरचे मुख्य पीक भात. त्याचाच प्रवास पाहू. कापणीनंतर भात नीट वाळला नाही, दाण्यात १४ टक्क्यांहून अधिक ओलावा राहिला, तर साठवणीत बुरशी धरते. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते; ते शिजवूनही पुरते जात नाही. खताच्या किंवा कीटकनाशकाच्या रिकाम्या गोणीत धान्य भरणे तितकेच घातक. पुढे गिरणी, टेम्पो व दुकान येथे ओल, उंदीर आणि भेसळ यांपासून धान्य जपावे लागते. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी आलेला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आहे. पाकीटबंद माल घेताना १४ अंकी परवाना क्रमांक व मुदत अवश्य पाहावी.

परंतु साखळीचा शेवटचा दुवा आपल्याच हाती असतो. जयंतीला शेकडो लोकांचे भोजन होते. भात सकाळी शिजतो, मिरवणूक लांबते आणि पंगत उशिरा बसते. तांदळातील बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. कोमट भातात ते वाढून विष तयार करतात आणि भात पुन्हा गरम केला तरी ते विष नष्ट होत नाही. अशा भाताला वास येईलच असेही नाही. म्हणून अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांखाली थंड ठेवावे. भात एकदम न शिजवता पंगतीगणिक शिजवावा. वाढणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत; जुलाब होत असलेल्याने स्वयंपाकास हात लावू नये. तासन्‌तास उघड्यावर राहिलेला भात, वाया जातो म्हणून, गोरगरिबांना वाटू नये.

भगवान बुद्धांनी उपासकांना विषाचा व्यापार वर्ज्य सांगितला. भोजनदान करणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. येत्या जयंतीपासून प्रत्येक शाखेने एका विद्यार्थ्याकडे शिजवण्याची व वाढण्याची वेळ नोंदवण्याचे काम सोपवावे, ही नम्र विनंती.

जय भीम!